कालव्याकाठचे घर : सणसर

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागले की काटेवाडीनंतर दोन्ही अंगांना ऊस सुरू होतो आणि थोड्याच वेळात भवानीनगरच्या छत्रपती सहकारी साखर कारखान्याचे धुराडे दिसू लागते. सणसर त्याच्या शेजारीच आहे. बारामतीपासून पंधरा-अठरा किलोमीटर, पुण्यापासून धरले तर सव्वाशेच्या आत. प्रवाशाने मुद्दाम उतरून पाहावे असे नावाजलेले मंदिर, किल्ला किंवा लेणे येथे नाही. वर्षातून एका रात्री मात्र हे गाव साऱ्या महाराष्ट्राच्या ओळखीचे होते. देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून, वाटेत काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण घेऊन, सायंकाळी सणसरला उतरते व दुसऱ्या दिवशी बेलवाडीच्या गोल रिंगणासाठी निघून जाते. एरवी सणसर हे ऊस, दूध, दुकानदारी आणि कालव्याच्या पाळीची वाट पाहणे यांचे गाव आहे.

गेल्या काही वर्षांत या पट्ट्यात एक नवा रहिवासी दिसू लागला आहे. तो नवा म्हणावा तर त्याच्या आजोबांच्या नावाची पेढी येथलीच, आणि जुना म्हणावा तर त्याच्या औषधांच्या बाटल्यांवरची छापील अक्षरे परदेशातली. तीस-पस्तीस वर्षे अमेरिकेत, इंग्लंडात किंवा आखातात नोकरी करून, निवृत्त होऊन, पत्नीसह मूळ घरी परतलेला हा माणूस. पुण्यात सदनिका घेण्याचा सल्ला त्याला सर्वांनीच दिलेला असतो. तरीही काही जण वडिलांच्या वाड्याची डागडुजी करून कालव्याकाठीच राहतात. असे एक घर डोळ्यांपुढे आणावे : शिकागोच्या उपनगरातून आलेले, सत्तरी ओलांडलेले, मधुमेह आणि रक्तदाब सोबत घेऊन आलेले एक व्यापारी कुळातील अभियंता, आणि गुडघ्यांनी बेजार त्यांची पत्नी. दवाखान्यातले तरुण डॉक्टर त्यांना काका-काकी म्हणतात, शेतावरचे गडी जुन्या सवयीने शेठ म्हणतात, आणि बारामतीच्या मंदिरात भेटणारे नातेवाईक जय जिनेंद्र करून पहिला प्रश्न विचारतात, ‘भाई, करमते का इथे?’

परत येणे हा शब्द या कुळांच्या बाबतीत जरा सावधपणेच वापरावा लागतो. नीरा खोऱ्यातील पुष्कळ गुजराती भाषक जैन घराणी मुळात येथली नव्हेतच. वालचंद हिराचंद दोशी यांचे कुळ सौराष्ट्रातील वांकानेरचे. ते फलटण भागात आले, तेथून सोलापूरला गेले, आणि वालचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. पुढे १९३०च्या दशकात त्यांनी सणसरपासून पंधरा-वीस किलोमीटरवर कळंबच्या माळावर ऊस आणि साखर यांची वसाहत उभी केली, तीच वालचंदनगर. घरात गुजरातीमिश्रित बोली, दुकानात मराठी, खतावणीत काटेकोर आकडे : अशा रीतीने ही माणसे चार-पाच पिढ्यांत येथली झाली. मग त्यांचे पणतू समुद्रापार गेले. म्हणजे आजोबांच्या घराण्याने एकदा परक्या मुलखात जाऊन तो आपला केला आणि नातवाने दुसऱ्यांदा. निवृत्तीनंतर कुठे जायचे, हा प्रश्न त्याला पडतो तो यामुळेच.

या खोऱ्याला व्यापार मिळाला तो पाण्यामुळे. १८७६-७७च्या भीषण दुष्काळानंतर नीरा डावा कालवा खोदला गेला आणि १८८५च्या सुमारास त्याचे पाणी बारामती-इंदापूरच्या कोरड्या रानात खेळू लागले. पावसाचे मान पाचशे मिलिमीटरच्या आसपास असलेल्या या मुलखात ऊस आला, गूळ आला, गुळामागून आडत आली. परंतु पाण्याने दुसरेही काही आणले. निचऱ्याची सोय न करता काळ्या रानाला बारमाही पाणी देत राहिल्याने जमिनी चोपण होऊ लागल्या, खार वर आला. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१० सालीच नीरा खोऱ्यातील खारावलेल्या जमिनींवर सहकाऱ्यासह प्रबंध लिहिला होता. (मान हेही एका अर्थी परदेशी नोकरदारच. वीस वर्षे येथल्या मातीचा अभ्यास करून ते १९२७ साली निवृत्त झाले आणि आपल्या देशी परतले.) आज त्या खाराचा संबंध काकांच्या मूत्रपिंडाशी येतो. बोअरचे पाणी जड आहे. चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो. रक्तदाब आणि साखर असणाऱ्याने मूत्रपिंडे जपावीत, हे त्यांना शिकागोतही सांगितले होते. तेथे नळाखाली पेला धरला की प्रश्न मिटत असे. येथे पिण्याचे पाणी गावातल्या शुद्धीकरण यंत्रावरून जारने येते, आणि काकी ते पुन्हा उकळतात. ‘यंत्राचे पाणी शुद्धच असते, परत कशाला?’ असे काकांनी एकदा विचारले. काकींनी उत्तर दिले नाही. पातेल्यावर गाळणे घातले. जार किती दिवस न धुता फिरतो याकडे पाहता त्यांचेच बरोबर आहे असे म्हणावे लागते. गाळून उकळून पाणी पिण्याची सवय घराण्यात धर्माने आली, पण जुलाब आणि कावीळ यांच्या दिवसांत तिचा उपयोग कोणत्याही यंत्राहून कमी नाही.

सकाळी साडेपाचला काका फिरायला निघतात. डॉक्टरांनी सांगितलेली पाऊण तासाची चाल कालव्याच्या भरावावरून होते. पाणी सुटलेले असले की भरावावरची हवा थंड लागते आणि बगळे ओळीने बसलेले असतात. पाळी नसली की तळाच्या डबक्यांत शेवाळ दिसते. हातात काठी आणि विजेरी, पायात घोट्यापर्यंतचे बूट, ही शिस्त त्यांनी पहिल्याच वर्षी लावून घेतली. उसाच्या रानात उंदीर फार, आणि उंदरांमागे घोणस. मधुमेहाने तळपायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला काटा रुतलेला कळत नाही, मग दंश तरी कळेल याची काय हमी? म्हणून रोज घरी आल्यावर बूट काढून दोन्ही तळवे आरशात पाहणे हा त्यांचा नित्यक्रम आहे. कोणाला साप चावलाच तर आवळून दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, पाय हलू न देता सरळ सर्पदंशाची लस मिळेल त्या रुग्णालयाकडे निघायचे, हे त्यांनी गड्यांनाही पाठ करून घेतले आहे. गडी माना डोलावतात. त्यांपैकी एकदोघांचा मांत्रिकावरचा विश्वास अजून गेलेला नाही.

गावची हवा चांगली, ही परदेशात जपलेली समजूत मात्र अर्धीच खरी ठरते. पावसाळा सरून गळीत हंगाम सुरू झाला की मार्च उजाडेपर्यंत रस्ता उसाच्या गाड्यांचा होतो. जोडट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रभर धावतात, धूळ दारांच्या फटींतून आत येते, कापणी झालेल्या फडात कोणी पाचट पेटवून देते तेव्हा काळी काजळी अंगणातल्या वाळवणावर उतरते. मळीचा आंबूस वास आठ दिवसांत सवयीचा होतो, पण खोकला होत नाही. काकींना दुसऱ्या हिवाळ्यात श्वासाच्या फवाऱ्याची गरज लागली. शिकागोत दमा नव्हता. पाचट न जाळता रानातच कुजवावे, त्याने जमिनीचा कस वाढतो, असे शेतीखाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे. काकांनी स्वतःच्या वारसाहक्काच्या चार एकरांत ते सुरू केले; शेजाऱ्याने अजून केलेले नाही.

औषधांचा संसार तर स्वतंत्रच. परदेशातून आणलेल्या नव्वद गोळ्यांच्या बाटल्या संपल्या तेव्हा पहिला गोंधळ उडाला. तिकडे तापाच्या गोळीला असिटामिनोफेन म्हणत, इकडे तीच पॅरासिटामॉल. एकाच औषधाची दहा नावे आणि दहा कंपन्या. एकदा रक्तदाबाची एकच गोळी दोन वेगळ्या नावांनी महिनाभर पोटात जात होती. चक्कर येऊ लागली तेव्हा ओळखीच्या औषध दुकानदाराच्याच ते लक्षात आले. तेव्हापासून काकांनी मोठ्या अक्षरांत तक्ता केला आहे. त्यात कंपनीचे नाव शेवटी, औषधाचे मूळ नाव आधी, मग मात्रा, मग वेळ. त्याची एक प्रत देवघराशेजारी, एक पाकिटात, एक मुलीच्या मोबाइलमध्ये. दुकानाच्या खतावणीवर वाढलेल्या माणसाला हे काम जड गेले नाही.

आणखी एक गोष्ट बारामतीच्या डॉक्टरांनी काढली, जी आपल्या घरांत अधिक लक्षात घेण्यासारखी आहे. काकांच्या पायांना मुंग्या येत, त्याचे सारे खापर साखरेवर फुटत होते. रक्त तपासले तर जीवनसत्त्व बी-१२ अगदी तळाला गेलेले. शाकाहारी आहारात ते मुळात कमी; त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ते आणखी उतरते. दूध-दह्याने काही भर पडते, सर्व पडत नाही. काही महिने इंजेक्शने, मग गोळ्या, आणि मुंग्या निम्म्यावर आल्या. उरलेल्या साखरेच्याच.

सूर्यास्तापूर्वी जेवण्याच्या नियमाबाबत सणसरने त्यांना मोठी सवलत दिली आहे. शिकागोत डिसेंबरात सव्वाचारनंतर थोड्याच वेळात सूर्य मावळे, तेव्हा ते कचेरीत असत. आणि जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड, तेव्हा भूक आधीच मरून जाई. नियम पाळणे तेथे सणासुदीपुरते उरले होते. येथे वर्षभर सूर्यास्त सहाच्या मागे-पुढे आणि फार तर सव्वासातपर्यंत. साडेपाचला ताट मांडले जाते. पण जेवण लवकर झाले की सकाळपर्यंत बारा-तेरा तास पोट रिकामे राहते, आणि काही गोळ्या साखर पहाटे फार खाली आणतात. घाम फुटून, हात थरथरून काका एकदा तीन वाजता उठले. ‘आता सूर्योदयापर्यंत थांबतो,’ असे म्हणणाऱ्या नवऱ्याच्या तोंडात काकींनी साखरेचे पाणी घातले. नियम मोडल्याची रुखरुख काकांना दोन दिवस होती. डॉक्टर जैन नव्हते, पण त्यांनी रागावण्याऐवजी कागद घेतला, गोळ्यांच्या वेळा सूर्यास्ताप्रमाणे बदलल्या, साखर खाली ओढणारी गोळी रात्रीऐवजी सकाळच्या जेवणाला नेली आणि मात्रा कमी केली. ‘काका, पर्युषणात उपवास करायचे असतील तर आधी पंधरा दिवस माझ्याकडे या. करून मग येऊ नका,’ एवढेच ते म्हणाले. आपल्याकडे पुष्कळ जण उपवासाची गोष्ट डॉक्टरांपासून लपवतात आणि औषधाची महाराजांपासून. दोन्ही ठिकाणी मोकळेपणाने सांगितले तर मार्ग बहुधा निघतो. मे महिन्यात, लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असताना, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेणे तर चाळिशीच्या उन्हात धोक्याचेच. त्यावर्षी काकांनी चौविहाराऐवजी पाण्याची मोकळीक ठेवणारा तिविहार स्वीकारला.

पैशाचा भाग थोडक्यात. अमेरिकेची मेडिकेअर ही म्हाताऱ्यांची आरोग्य योजना त्या देशाबाहेरच्या उपचारांचा खर्च सहसा देत नाही. तिचा हप्ता भरत राहावे की सोडावे, हा निर्णय अवघड. कारण सोडून पुन्हा शिरायचे तर हप्ता कायमचा वाढतो. भारतात २०२४च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सर्वांसाठी उत्पन्नाची अट न ठेवता पाच लाखांपर्यंतचे आयुष्मान संरक्षण सुरू झाले, परंतु भारतीय नागरिकत्व सोडलेल्या माणसाने ते आपले धरून चालू नये. आजीवन व्हिसाच्या कार्डावर राहता येते, घर घेता येते. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली ठेवता येते. काकांनी त्यामुळे एक रक्कम बारामतीच्या बँकेत केवळ आजारपणासाठी बाजूला ठेवली आहे आणि तिच्या खात्यावर काकींचे नावही आहे. हा साधा व्यवहार अनेक सुशिक्षित घरांत राहून जातो.

काकींचा गुडघा हा वेगळा अध्याय. शस्त्रक्रिया पुण्यात झाली, ती चांगली झाली. प्रश्न नंतरचा होता. जिना चढणे, कमोडवरून उठणे, ओट्याशी उभे राहून पोळ्या करणे, ही कामे पुन्हा शिकवणारे कोणी गावात नव्हते. या विद्येला व्यवसायोपचार म्हणतात, आणि ती भारतात रुजवणारी बाई स्वतः परदेशातून आलेली होती, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लुंडी भारतात येऊन कमला निंबकर झाल्या आणि १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. नीरेच्या पलीकडे फलटणला त्यांच्या नावाची शाळा आजही आहे. काकींना बारामतीहून आठवड्यातून दोनदा येणारी एक मुलगी अखेर मिळाली. तिने पहिल्या दिवशी व्यायाम सांगितला नाही. स्वयंपाकघर पाहिले, ओट्याशी उंच स्टूल ठेवायला लावले आणि न्हाणीघरात दोन दांड्या बसवून घेतल्या. वाड्याचा दीड वीत उंचीचा उंबरा काढायला काकींनी ठाम नकार दिला. तेथे एक लाकडी उतार टाकला आहे.

पालखीच्या दिवशी हा उतारही माणसांनी भरून जातो. दुपारपासून ओसरीवर वारकरी विसावतात. आदल्या दिवशीपासून पाण्याचे पिंप, लिंबाचे सरबत, तव्यावरच्या पिठल्याची तयारी असते. जमिनीखालचे काही न घालता इतक्यांचा स्वयंपाक कसा होतो याचे गावातल्या बायकांना दरवर्षी नवल वाटते. काकांचे काम पायांचे. गरम पाणी, मीठ, मलमपट्टी घेऊन ते ओसरीच्या कडेला बसतात आणि आरोग्य केंद्राच्या पथकाकडे कोणाला पाठवायचे ते ठरवतात. त्यांच्याच वयाचे, त्यांच्याहून बारीक, तळव्यांना फोड आलेले म्हातारे त्यांच्यासमोर पाय सोडून बसतात. गेल्या खेपेस लातूरकडच्या एका वारकऱ्याच्या पायाला जुनी, न दुखणारी जखम होती. न दुखणारी म्हणजे काय हे काकांना लगेच कळले. साखर तपासली तेव्हा ती साडेतीनशेच्या वर निघाली. त्या माणसाला आपल्याला मधुमेह आहे हेच ठाऊक नव्हते. ‘पांडुरंग बघंल,’ असे म्हणत तो उठू लागला. काकांनी त्याला बसवून ठेवले, केंद्रावर नेले, गोळ्या मिळवून दिल्या आणि आपल्या तक्त्यासारखाच एक तक्ता मोठ्या अक्षरांत लिहून दिला. त्याला वाचता येत नव्हते. मग काकींनी सूर्य आणि चंद्र काढून दिले.

या घरातली खरी भीती रात्रीची आहे. छातीत कळ आली तर? गावचे प्राथमिक आरोग्य केंद्र पहिली गोळी देऊ शकेल, हृदयाचा आलेख काढू शकेल. पुढे बारामतीच गाठली पाहिजे. तेथे उपजिल्हा रुग्णालय आहे, २०१९पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, खासगी हृदयरोगतज्ज्ञ आहेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कधी पंधरा मिनिटांत येते, कधी हंगामात ट्रॅक्टरांच्या रांगेत अडकते. पालखी मार्गाचे चौपदरीकरण, ज्याची कोनशिला २०२१च्या नोव्हेंबरात बसली, ते भाविकांसाठी झाले असे सगळे म्हणतात. काका त्या रस्त्याकडे घड्याळ लावून पाहतात. त्यांनी रात्री दोन वाजता शेजारच्या मुलाला गाडी चालवायला लावून एकदा रंगीत तालीमही केली : दारातून रुग्णालयाच्या दारापर्यंत बावीस मिनिटे. काकींना हा वेडेपणा वाटला. मुलीला दूरध्वनीवर ते ऐकून रडू आले आणि मग ती पुष्कळ दिवसांनी शांत झोपली.

मुलांशी बोलायचे एक काम मात्र काका दोन वर्षे पुढे ढकलत होते. आपल्याला यंत्रांवर किती दिवस ठेवायचे? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अशा पूर्वलिखित इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३च्या जानेवारीत त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येते. मुलाचा समज असा झाला की वडील सल्लेखनेविषयी बोलत आहेत, आणि तो घाबरला. कुंथलगिरीवर १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी घेतलेली सल्लेखना घरात आदराने सांगितली जाते. २०१५ साली राजस्थानच्या उच्च न्यायालयाने या व्रतावर निर्बंध आणला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, हेही मुलाने वाचले होते. काकांनी त्याला समजावले, ‘ते व्रत आहे, ते घेण्याची माझी योग्यता नाही. हा नुसता कागद आहे. तू विमानात असशील तेव्हा तुझ्या आईला एकटीला निर्णय करावा लागू नये म्हणून.’ त्या कागदावर आणखी एक ओळ काकींच्या सांगण्यावरून आली : अंत्यसंस्कारासाठी कोणाची वाट पाहू नये. शिकागोहून सणसरपर्यंत दीड दिवस लागतो.

कागद बारामतीला नोंदवून दोघे घरी आले तेव्हा पाच वाजून गेले होते. जेवण घाईने उरकावे लागले. रात्री नऊला, म्हणजे शिकागोत सकाळी साडेदहाला, मुलाचा फोन आला. बोलता बोलता त्याने विचारले की मागे कसला आवाज येतो आहे. डाव्या कालव्याला त्याच दिवशी पाणी सुटले होते. काकांनी फोन खिडकीबाहेर धरला.